ताईचा ळ आणि माझा अंगठा

माझ्या उजव्या हाताचा अंगठा मला सहन होत नाही. दिसायला तो बरा आहे. खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढले, तेव्हा पेन्सिल धरायचं काम त्यानं चोख केलं. बिघडला तो निवृत्तीनंतर. मुलीनं मोबाइलमध्ये गाण्यांचं ॲप घालून दिलं, आणि त्या ॲपवर एक बटण होतं: दोन त्रिकोण आणि शेजारी उभी रेघ. म्हणजे पुढचं.

गाणं सुरू व्हायचं, तंबोरा लागायचा, आणि अंगठा म्हणायचा, हे नको. पुढचं. तेही नको. पुढचं. गेल्या चार वर्षांत मी एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. सुरुवाती मात्र इतक्या ऐकल्या आहेत की सुरुवातींवर व्याख्यान देईन. मागच्या डिसेंबरात एका मैफलीला गेलो होतो. गायिकेनं पहिला आलाप घेतला आणि माझा अंगठा खुर्चीच्या हातावर दोनदा दाबला गेला. शेजारच्या गृहस्थांनी ते पाहिलं.

"काही टोचतंय का आपल्याला?"

"नाही हो, सवय."

"मग घरी सवय करा. इथं आम्ही गाणं ऐकायला आलोय."

त्या ॲपचाही मला वीट आला होता. एकदा गुडघा दुखत होता म्हणून झोप यावी यासाठी पावसाचा आवाज लावला. मी झोपलो, पावसात पुढं बेडूक आले आणि ते सकाळपर्यंत ओरडत राहिले. तेव्हापासून ॲपची समजूत झाली की या माणसाला बेडूक आवडतात. 'खास तुमच्यासाठी' म्हणून रोज सकाळी एक यादी यायची. दोन भावगीतं, एक ठुमरी, आणि मग डराँव. मी चिडून पुढचं दाबायचो, तर पुढचा बेडूक यायचा. माझ्याच आवडीचं इतकं ओशट, शिळं ताट कुणीतरी रोज माझ्यापुढं सरकवत होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच होतो.

तेव्हा मी ठरवलं की यंत्रानं निवडलेलं पुरे, आता माणसानं निवडलेलं ऐकायचं. जगातली सगळी रेडिओ स्टेशनं थेट ऐकवणारं एक ॲप मिळालं. पडद्यावर पृथ्वीचा गोळा, त्यावर हिरवे ठिपके. बोटानं गोळा फिरवायचा, ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावात त्या क्षणी जे वाजतंय ते आपल्या घरात. पहिल्या दिवशी मी इतका हरखलो की बायकोला फोन केला. ती मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेलेली आहे.

"अगं, सगळं जग ऐकू येतंय!"

"बरं. गॅस बंद केलास का?"

आठवड्यात किळस आली. जगात कुठंही बोट ठेवा, दोन माणसं एकमेकांच्या विनोदांना हसत असतात. विनोद कळत नाही, हसणं मात्र तेच. एकच कुठलं तरी इंग्रजी गाणं मी तीन खंडांत ऐकलं. एका गावात पुलावर कोंडी झाल्याचं मला कळवण्यात आलं. आमच्या चौकातली कोंडी सोडून मी ती मुकाट्यानं ऐकली. गाद्या, दातांची पेस्ट, फर्निचर, पुन्हा गाद्या. आणि इथंही ते बटण होतंच. फरक एवढाच की इथं पुढचं दाबलं की पुढचं गाणं येत नव्हतं, यादीतलं पुढचं स्टेशन येत होतं. म्हणजे एखादा सूर पटला नाही की मी देश बदलायचो. एका कप चहात सोळा देश नापसंत केल्याचं मला आठवतं. चहाही निवला.

हे सगळं मी ताईकडं बसून करत असे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, आणि बायको परत येईपर्यंत माझा संध्याकाळचा चहा तिच्याकडं आहे. तिच्या नावात ळ आहे. नाव इथं लिहीत नाही, कारण तिनं बजावलंय, "लिहिलंस तर छापणारे त्याचा ल करतील." हा ल तिच्या मागं जन्मभर लागलेला आहे. बँकेतून फोन येतो, ल. पार्सल आणणारा जिन्यातून ओरडतो, ल. ती दार उघडत नाही. खालून पुन्हा हाक येते, पुन्हा ल. शेवटी ती कठड्यावरून वाकून सांगते, "त्या नावाचं इथं कुणी राहत नाही. ळ असेल तर वर या."

आता पन्नासेक वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. तेव्हा रेडिओवर फर्माइशीचे कार्यक्रम असत. पोस्टकार्डावर गाणं आणि घरातल्यांची नावं लिहून पाठवायची, आणि नशीब असेल तर निवेदक ती नावं वाचून दाखवायचा. ताईनं दोन वर्षं कार्डं पाठवली. गाण्याचं तिला फारसं नव्हतं. आपलं नाव, ळसकट, हवेतून सगळ्या महाराष्ट्रात जावं एवढंच तिला हवं होतं. कार्डं पेटीत टाकायचं काम माझ्याकडं होतं. मी नववीत होतो. एका कार्डावर तिनं फक्त आई, दादा आणि स्वतःचं नाव लिहिलेलं पाहून मला राग आला. पेटीपाशी उभं राहून मी दादाच्या आणि तिच्या नावाच्या मधे, बारीक अक्षरात, माझं नाव घुसवलं.

तेच कार्ड लागलं. सगळं घर रेडिओभोवती बसलेलं. निवेदकानं आईचं नाव घेतलं, दादाचं घेतलं, माझं घेतलं, आणि म्हणाला, "आणि घरची इतर मंडळी."

घरची इतर मंडळी म्हणजे ताई.

मी आठवडाभर शाळेत छाती काढून हिंडलो. ताईनं त्यानंतर एकही कार्ड टाकलं नाही. मी नाव घुसवल्याचं तिला कसं कळलं ते माहीत नाही, पण कळलं. पुढं माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रकांच्या यादीत स्वतःच्या नावाच्या जागी तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आणि घरची इतर मंडळी.' मी ते छापून येईपर्यंत पाहिलं नव्हतं.

तर फेब्रुवारीतला एक बुधवार. मी ताईच्या सोफ्यावर गोळा फिरवत होतो. बुधवार पेठेतून आणलेला डबीएवढा स्पीकर टीपॉयवर होता. उत्तरेकडच्या एका थंड देशातलं कुठलं तरी बंदराचं गाव लागलं. एक बाई बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. अंगठा उचलला.

"थांब," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काय थांब? तुला कळतंय का काही?"

ती हात पुसत बाहेर आली. "गप्प. ऐक. नाव, नाव, नाव. मग गाव. आता गाणं लागेल."

गाणं लागलं. अकॉर्डियन. संपल्यावर बाई पुन्हा बोलली, त्याच चालीत: नाव, नाव, गाव.

"अरे, ही फर्माईश आहे!" ताई म्हणाली.

चार वर्षांत मी पहिल्यांदा एका जागी तासभर बसलो. म्हणजे बसवला गेलो. ताई एकेका नावाला मान डोलवत होती, जणू ती मंडळी तिच्या ओळखीची होती. मला ते संगीत असह्य झालं. एखादा दमेकरी जिना चढतोय आणि वर पोचतच नाही, असं ते अकॉर्डियन. शिवाय फर्निचरच्या एकाच दुकानाची जाहिरात तीनदा. शिवाय निवेदिका बोलता बोलता काहीतरी खात होती. सफरचंद असावं. करकर आवाज माझ्या कानात.

पण ताईला विचारलं, "तुझं नाव पाठवू का? एप्रिलमध्ये वाढदिवस आहे तुझा," तेव्हा ती कप उचलून आत गेली. आतूनच म्हणाली, "त्यांना ळ कुठला यायला?"

"मी नीट लिहून कळवीन."

"साधं लिही. नाव, गाव, बस्स. गाणं कुठलंही लावा म्हणावं."

"साधंच लिहितो."

"नाहीतर तू जाशील नकाशे काढायला."

मार्चअखेर एका बुधवारी आम्ही नेहमीसारखे साडेपाचला बसलो, तर फर्माइशीच्या जागी दोन पुरुष तासभर गंभीरपणे बोलत होते. ताई शेवटपर्यंत कान देऊन होती, न जाणो मधेच लागेल. घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं की त्या देशात लोक उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढं करतात, आणि आमचा कार्यक्रम आता साडेचारलाच होऊन जातो. ते पुरुष मासेमारीवर बोलत होते. तासभर! मला जो संताप आला तो मी त्याच रात्री स्टेशनला पाठवायच्या पत्रात ओतला. आता ते पत्र आठवलं तरी शिसारी येते.

कारखान्यात मी जन्मभर ज्या भाषेत पत्रं लिहिली त्याच भाषेत, इंग्रजीत, ते लिहिलं होतं. मराठीत त्याचा मासला असा: 'वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला कार्यक्रम आम्ही पुणे येथून नियमितपणे ऐकत असून त्यात खालील त्रुटी आढळून आल्या.' मुद्दा एक, कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा सुरू होतो. वेळ पाळणे ही श्रोत्यांप्रती किमान सभ्यता होय. मुद्दा दोन, निवेदिकेने ध्वनिक्षेपकासमोर फळे खाऊ नयेत. मुद्दा तीन, फर्निचर. मुद्दा चार, अकॉर्डियनचे प्रमाण कमी करावे. मुद्दा पाच, देशाची घड्याळे बदलण्यापूर्वी परदेशस्थ श्रोत्यांस पूर्वसूचना द्यावी.

मुद्दा सहा, माझ्या भगिनीचा वाढदिवस.

सोबत परिशिष्ट: ळ चा उच्चार. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला कुठे लावायचे आणि कसे सोडायचे याचे वर्णन, आणि एक आकृती. हो, आकृती. जबड्याचा उभा छेद, मापांसह. तो नकाशा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या नकाशांपैकी एक आहे, एवढं मी आजही म्हणेन.

"काय लिहिलंस?" ताईनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"साधंच."

उत्तर आलं दोन ओळींचं: पत्र मिळालं, आनंद झाला, अमुक बुधवारी जरूर ऐका. मला कसलाही संशय आला नाही. उलट मुद्दे पटलेले दिसतात, असं वाटलं.

त्या बुधवारी मी सव्वाचारला पोचलो तर ताईनं इस्त्रीची साडी नेसलेली. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "घरातली धुवायला टाकलीय." टीपॉयवर दोन वाट्यांत शिरा झाकून ठेवला होता. ती समोरच्या खुर्चीत ताठ बसली. पेपर तपासायला बसायची तशी, हात मांडीवर.

साडेचार वाजले. गाणं. चार पस्तीस. फर्निचर. ताई माझ्याकडं बघत नव्हती, स्पीकरकडं बघत होती. नावं आली, गावं आली, दुसऱ्यांची. माझ्या हातात फोन होता आणि अंगठ्याला नुसती खाज सुटली होती. चाळीस मिनिटं मी त्याला मुठीत कोंबून ठेवलं. अर्ध्या गाण्याला, पाव गाण्याला, प्रत्येक अकॉर्डियनला तो उसळत होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी निवेदिका म्हणाली, "पूना."

ताईचा हात मांडीवरून उठला आणि हवेतच राहिला.

मग बाई इंग्रजीत बोलू लागल्या. आपल्याला हिंदुस्थानातून एका गृहस्थांचं पत्र आलंय आणि ते इतकं सुंदर आहे की आपण ते सगळंच्या सगळं वाचणार आहोत, असं त्यांनी सांगितलं. मुद्दा एक त्यांनी वाचला आणि आपल्या भाषेत समजावून दिला. मागं कुणीतरी पुरुष खो खो हसला. मुद्दा दोन वाचला आणि माइकजवळ येऊन सफरचंदाचा मोठा चावा घेतला. कर्रम्. पुरुष पुन्हा हसला.

ताई हळूहळू माझ्याकडं वळली. "तू तिची तक्रार केलीस?"

"अगं, सूचना आहेत त्या."

"माझ्या फर्माइशीत?"

"वेगळे मुद्दे आहेत. तुझा मुद्दा पुढं आहे."

"कितवा?"

मुद्दा तीन. फर्निचरवाल्यांचं नाव बाईंनी मुद्दाम दोनदा घेतलं.

"कितवा आहे माझा?"

"सहावा," मी म्हणालो.

ती पुन्हा स्पीकरकडं वळली. पन्नास वर्षांपूर्वीही ती अशीच रेडिओसमोर बसली होती. मला तेव्हाचं तिचं तोंड आठवत होतं असं वाटायचं, पण खरं म्हणजे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. ते आत्ता पाहिलं. मुद्दा चार चालू होता, अख्खं बंदर मला हसत होतं, माझे कान तापले होते. मला फक्त एवढंच हवं होतं की हे थांबावं.

आणि न आवडणारं थांबवायचा एकच मार्ग माझ्या अंगठ्याला माहीत आहे.

"कॉल्चोनेस! कॉल्चोनेस!" स्पीकर ओरडला. दुसरा देश, दुसरी भाषा, ट्रम्पेट. गाद्यांची जाहिरात होती हे मला आता माहीत आहे, कारण तो शब्द मी नंतर शोधला. त्या क्षणी फक्त एवढं कळलं की बंदर गेलं.

"काय झालं?" ताई उठून उभी राहिली.

"काही नाही, आणतो परत. एक मिनिट."

गाण्यांच्या ॲपवर मागचं बटण असतं. चुकून सुटलेलं गाणं तिथं निमूट उभं असतं, तुमची वाट बघत, लाचार. थेट प्रक्षेपण वाट बघत नाही. आणि या ॲपवर मागचं दाबलं तर मागचा देश येईना, गोळाच यायचा, हिरव्या ठिपक्यांनी भरलेला, पुरळ उठल्यासारखा. मला गावाचं नाव लिहिता येईना. त्यात एक ओ होता, मधून तिरकी रेघ मारलेला, आणि तसला ओ माझ्या मोबाइलवर सापडेना. बोटानं किनारा शोधत गेलो. एका ठिपक्यावर प्रवचन. एकावर हवामान. एकावर दोन माणसं एकमेकांच्या विनोदाला हसत होती.

"डावीकडं. जरा वर," ताई माझ्या खांद्यावरून सांगत होती. "तो खाचेचा भाग. त्याच्या वर. अरे वर म्हणतेय मी!"

सापडलं. दाबलं. आधी ॲपची स्वतःची जाहिरात लागली, तीस सेकंदांची, जी पुढं ढकलता येत नाही. अख्ख्या जन्मात माझ्या अंगठ्याला ज्या एका गोष्टीवर पुढचं दाबायचा खरा हक्क होता, नेमकी तीच पुढं ढकलली जात नव्हती.

मग अकॉर्डियन. एका कडव्याचा शेवट. मग टाळ्या, आणि निवेदिका तिच्या भाषेत दुसऱ्याच कुणाला तरी शुभेच्छा देत होती. नाव, नाव, गाव.

ताई खुर्चीत बसली. "झालं?"

"झालं असावं."

"माझं नाव घेतलं तेव्हा आपण काय ऐकत होतो?"

"काहीतरी जाहिरात होती."

"कसली?"

"कळलं नाही."

"पन्नास वर्षांपूर्वी मी निदान इतर मंडळी तरी होते," ती म्हणाली. मग तिनं एका वाटीवरचं झाकण काढून शिरा माझ्यापुढं ठेवला. "खा. गार झालाय."

तो मी खाल्ला. खाताना आपण खात आहोत याचीच मला घाण वाटत होती.

त्या रात्री मी स्टेशनला दुसरं पत्र लिहिलं. मुद्दे नव्हते. काय घडलं ते सांगितलं, अंगठ्यासकट, आणि विचारलं की तो भाग कुठं ध्वनिमुद्रित आहे का. चार दिवसांनी निवेदिकेचं उत्तर आलं. ध्वनिमुद्रण नाही, त्यांचं स्टेशन लहान आहे, बोललेलं हवेत जातं आणि संपतं. पण तुमच्या बहिणीचं नाव आपण चार वेळा घेतलं, असं तिनं लिहिलं होतं. पहिल्या तीन वेळा चुकलं. तुमची जबड्याची आकृती स्टुडिओच्या काचेवर चिकटवली आणि तिच्याकडं बघत बघत चौथ्यांदा म्हटलं. तेवढ्यात आपल्या वडिलांचा घरून फोन आला. ते वरच्या खोऱ्यातले. तिथली जुनी माणसं जीभ अशीच मागं वळवून एक जाड ल म्हणतात. शाळेत मास्तर तो उच्चार केला की हसायचे म्हणून वडिलांनी तो सोडून दिला होता. ते फोनवर म्हणाले, चौथ्यांदा बरोबर आलं. मग त्यांनीही एकदा म्हणून दाखवलं. तेही प्रसारित झालं.

हे मी कागदावर छापून ताईकडं नेलं. तिनं चष्मा लावून वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"म्हणजे पाच वेळा," ती म्हणाली. बेरीज तिची पक्की आहे.

"हो. मी पुन्हा लिहू का? पुढच्या बुधवारी पुन्हा घेतील. ती चांगली बाई आहे."

"काही गरज नाही. नाव घेतलं गेलं. पाचापैकी दोनदा बरोबर घेतलं गेलं, आपल्या बँकेपेक्षा बरं. माझ्यापर्यंत पोचलं नाही, तो तुझा मुद्दा, त्यांचा नाही." कागदाची घडी घालून तिनं ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली, जिथं ती रेशनकार्ड आणि घराची कागदपत्रं ठेवते. मग खिडकीशी उभी राहून, माझ्याकडं पाठ करून, स्वतःचं नाव एकदा हळू म्हणाली. जीभ कुठं लागते ते तपासत असावी.

लोक मला विचारतात, कारण मी हे ॲप चार जणांना कौतुकानं दाखवून बसलो होतो: आमच्यासारख्या रोज मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांना हे जगभरचे थेट रेडिओ चालतील का? मी सांगतो, रेडिओ चालेल, तुम्ही चालणार नाही. ज्याला स्वतःच्या आवडीचं चाटून चाटून चार वर्षं झाली, त्याला दुसऱ्याची फर्माईश ऐकवू नये. दुसऱ्याचं नाव चालू असताना त्याला स्वतःचं काहीतरी आठवतं. मी पन्नास वर्षांपूर्वी ते कार्डावर केलं, आता ते पडद्यावर करतो. सुधारणा झाली ती साधनांत.

ताईनं मात्र तो कार्यक्रम सोडलेला नाही. बुधवारी साडेचारला तिला तो लागतो आणि लावून द्यायला मी लागतो. फक्त आता एक नियम आहे. स्टेशन लागलं की फोन फ्रिजच्या डोक्यावर जातो, आणि माझ्यापुढं काहीतरी सोलायला परात येते. पहिल्या बुधवारी सोलायला घरात मटार नव्हते म्हणून तिनं मला मार्केट यार्डात पिटाळून पाच किलो लसूण आणवला होता. "एवढ्याचं काय करणार?" मी विचारलं. "लोणचं," ती म्हणाली. "शिवाय तुझे दोन्ही अंगठे कामाला लागतील." लसणाची साल नखाखाली जाते, रसानं अंगठा चुरचुरतो, आणि त्या चिकट, वास मारणाऱ्या बोटांनी फोनला हात लावला तर पडदा ओळख देत नाही. हे तिनं आधी करून पाहिलं असलं पाहिजे.

काल कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा सुरू झाला. मी तोंड उघडलं. ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी मिटलं. निवेदिकेनं करकर काहीतरी खाल्लं. फर्निचर झालं. मग एक नाव आलं, एकटंच, गावासकट, आणि ताईनं बोट वर केलं.

"आलं बघ कुणाचं तरी," ती म्हणाली.

अकॉर्डियन सुरू झालं. तोच दमेकरी, तोच जिना. डोळ्यांत पाणी आलं होतं; लसणानंही येतं. परातीत अजून अर्धा डोंगर बाकी होता. मी पुढची पाकळी घेतली.